मस्तगडचा चौथा गिअर : १४ तासांचा घटनाक्रम

हा दिवस कोणा एका मालकाचा नाही. ताकद वाढवून बांधलेले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ज्या क्रमाने जातात, तो क्रम मे महिन्यातल्या जालन्यात, मस्तगडच्या रस्त्यावर मांडला आहे. गाडी चार गिअरची जुनी डिझेल एसयूव्ही. इंजिन रिमॅप केलेले, म्हणजे टॉर्क कंपनीने दिला त्याहून जास्त. गिअरबॉक्स नुकताच खोलून बांधलेला. क्लच प्लेटा नव्या आणि जास्त दमाच्या, व्हॉल्व्ह बॉडीत फेरफार. लिव्हरवर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे 'ओडी', बंद करण्याचे बटण आहे. ते आज कोणी दाबणार नाही.

सकाळी ६.००, समृद्धी महामार्ग

वेग ताशी १०० किलोमीटर. चाकाचा घेर २.४ मीटर आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.९ धरले, तर सरळ एकास एक असलेल्या तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,७०० फेरे घेईल. चौथ्यात, म्हणजे ०.७० च्या ओव्हरड्राइव्हमध्ये, १,९०० पुरतात. टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालेला असल्याने आत घसरण नाही. गिअरबॉक्सचे ऑइल ८५ अंशांवर. सगळे ठीक आहे.

हा गिअर अशा रस्त्यासाठीच आहे. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर इंधन वाचवण्यासाठी अमेरिकी कंपन्यांनी ऑटोमॅटिकला चौथा गिअर जोडला. जनरल मोटर्सचा ७००-आर४ हा गिअरबॉक्स १९८२ चा; त्याचा पहिला गिअर ३.०६, चौथा ०.७०. पुढे इंजिनांची ताकद वाढवणाऱ्यांनी तो हजारोंनी खोलून बांधला. त्यात वारंवार जळालेला सापडणारा भाग कोणता? तिसऱ्या-चौथ्याचा क्लच संच.

सकाळी ९.३०, मस्तगड

निजाम-उल-मुल्कच्या हुकमाने काबिल खानाने १७२५ मध्ये बांधलेला हा किल्ला. आज भोवती रिक्षा, हातगाड्या, शाळेच्या बस. मधेच पन्नास पावले मोकळी मिळतात, वेग ४५ वर जातो आणि गिअरबॉक्स चौथा टाकतो.

आता तोच हिशेब करा. ४५ च्या वेगाला तिसऱ्यात कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू १,२०० फेऱ्यांवर असती. चौथ्यात ती ८४० वर येते, जवळजवळ आयडलला. कन्व्हर्टर इथे लॉक नसल्याने इंजिन मात्र १,३०० वर घुमते आहे. मधल्या फरकाची ऊर्जा चाकापर्यंत जात नाही. ती कन्व्हर्टरमधल्या ऑइलला तापवते. पुढे रिक्षा वळते, गाडी तिसऱ्यात उतरते; रस्ता मोकळा होतो, पुन्हा चौथा. प्रत्येक बदलात क्लच क्षणभर घासून मगच धरतो. मामा चौकापर्यंत हेच चालते.

मालकाला गाडी छान वाटते, कारण इंजिनचा आवाज कमी आहे.

दुपारी १.००

बाहेर ४२ अंश. एसी पूर्ण. गिअरबॉक्सचे ऑइल थंड होते ते रेडिएटरच्या टाकीतून फिरून, आणि रेडिएटर स्वतःच तापलेला. रांगेत उभ्या गाडीला वारा कुठून मिळणार? ऑइल ११५ अंश ओलांडते. इथून त्यात चिकट थर धरू लागतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटा आखडतात. कारागिरांचा जुना ठोकताळा असा, की साधारण ११ अंश वाढले की ऑइलचे आयुष्य निम्मे होते.

डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आहे. तो काटा इंजिनच्या पाण्याचा. गिअरबॉक्सच्या ऑइलचा काटा या गाडीला नाही, आणि बांधणी करताना तो बसवला नाही, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत वाईट वाटते. प्लेटांवर खर्च झाला, डोळ्यांवर झाला नाही.

दुपारी ४.००

कुंडलिका नदीच्या पुलाकडे. ऑइल १२७ च्या पुढे. सील कडक होऊ लागतात, पिस्टनमागचा दाब गळतो. अशात चौथ्यात असतानाच मालक ॲक्सिलरेटर दाबतो. डिझेलचा वाढवलेला टॉर्क कमी फेऱ्यांवरच येतो. गिअर खाली उतरायच्या आत तो क्लचवर पडतो. प्लेटा घसरतात.

मालक कारागिराला फोन लावतो. "उस्ताद, रेस वाढते पण गाडी पळत नाही."

"भाऊ, ओडी बंद करा अन् गाडी सावलीला लावा. ऑइलची कांडी काढून वास घ्या. जळका आला तर चालवूच नका."

"लग्नाला निघालोय. उद्या आणतो."

या वेळेला गाडी थांबली असती, तर बहुधा ऑइल, फिल्टर आणि काही प्लेटांवर भागले असते.

सायंकाळी ६.१५, भोकरदन नाका

१४६ अंश. प्लेटा आता धरतच नाहीत. जळालेला मसाला ऑइलमध्ये उतरतो, फिल्टर तुंबतो, पंपाला ऑइल ओढता येत नाही. चौथा गेला, पाठोपाठ तिसरा.

६.४०

लिव्हर 'डी'वर, इंजिन चालू, गाडी जागेवर. मागे रांग, हॉर्न. चार जण ढकलून ती कडेला घेतात.

रात्री ८.००

खरा घात इथे होतो. ओळखीचा ट्रॅक्टर येतो, दोर बांधून टोचन करतो, लिव्हर न्यूट्रलला. चाके फिरतात तसा गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरतो. पण ऑइल पंप इंजिनवर चालतो आणि इंजिन बंद आहे. बुश आणि प्लॅनेटरी गिअर कोरडे घासत गॅरेजपर्यंत येतात. प्लेटांपुरते असलेले नुकसान आता संपूर्ण गिअरबॉक्सचे झाले.

कंपनीचा न बदललेला, संगणकावर चालणारा गिअरबॉक्स हे बरेचसे स्वतः सांभाळतो. बदललेल्याला तुम्हीच सांभाळायचे. गावात, ६० च्या खाली, ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा. डिझेल थोडे जास्त जाईल, जाऊ द्या. बांधणी करतानाच वेगळा ऑइल कूलर आणि तापमानाचा काटा बसवून घ्या. आणि गाडी बंद पडलीच, तर दोर लावू देऊ नका. चारही चाके वर घेणारी गाडी येईपर्यंत थांबा.