खजिना पोलादाचा की प्लास्टिकचा?

शब्दांचे प्रवास मोठे मौजेचे असतात. आपल्या बखरींतला 'खजिना' आणि साहेबाने आणलेला 'मॅगझिन' हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत, असे कोणी सांगितले तर चटकन पटायचे नाही. पण गोष्ट खरी आहे. दोघांचीही माता अरबी भाषा, आणि मूळ धातूचा अर्थ 'साठवून ठेवणे'. युरोपात गेलेल्या भावाने आधी मालाच्या गोदामात नोकरी धरली आणि मग दारूगोळ्याच्या कोठारात. १७३१ साली लंडनच्या एडवर्ड केव्हने आपल्या नियतकालिकाचे नाव 'जंटलमन्स मॅगझिन' ठेवले, तेव्हापासून लेखांच्या कोठारालाही तो शब्द चिकटला. म्हणजे वाचकहो, तुमच्या हातातला हा दिवाळी अंक आणि सरहद्दीवरच्या जवानाच्या रायफलीला खालून लावलेली काडतुसांची पेटी, या दोघांचे घराणे एकच. अंक रिकामा निघाला तर एक दुपार वाया जाते. ती दुसरी पेटी ऐन वेळी अडली तर काय जाते, ते सांगायला नको.

मी शस्त्रांचा जाणकार नव्हे. जुन्या लढायांची वर्णने वाचण्याचा नाद मात्र मला आहे, आणि त्या वाचनात ही क्षुल्लक दिसणारी पेटी पुनःपुन्हा आडवी येते. ती पोलादी पत्र्याची बरी की प्लास्टिकची, हा वाद सैनिकांत गेली कित्येक वर्षे चालू आहे. सध्या फराळ भरताना घरोघरी असाच वाद होत असेल. चिवड्याला स्टीलचा डबा हवा, असे आजी म्हणते. प्लास्टिकचा हलका आणि आतले दिसते, असे सूनबाई म्हणते. गंमत अशी, की रायफलीच्या बाबतीतही दोन्ही पक्षांचे मुद्दे जवळजवळ हेच आहेत.

परंतु काडतुसांची पेटी हा नुसता डबा नाही. तिला काम करावे लागते. तिच्या तळाशी स्प्रिंग असते, स्प्रिंगवर काडतुसे वर रेटणारी एक पाटी असते, आणि तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत वळलेल्या कडा असतात. त्या कडांना 'ओठ' म्हणतात. वरचे काडतूस हे ओठ धरून ठेवतात आणि रायफलीचा बोल्ट पुढे जाताना नेमक्या कोनात त्याच्या स्वाधीन करतात. ओठ किंचित फाकले, तर काडतूस तिरपे निघून नळीच्या तोंडाशी अडते. हजारो रुपयांची रायफल मग हातात धरायची काठी होऊन बसते.

अशी काढघाल करता येणारी पेटी रूढ करण्याचे श्रेय जेम्स पॅरिस ली या गृहस्थाला जाते. जन्म स्कॉटलंडचा, बालपण कॅनडात, आणि पेटंट अमेरिकेत, १८७९ साली. आपल्याकडे जिला सारे 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून ओळखतात, त्या ली-एन्फिल्डच्या नावातला 'ली' तो हाच. पण त्या काळच्या सेनापतींना या पेटीचे भारी भय! शिपाई भराभर गोळ्या उडवून दारूगोळा संपवील, या धास्तीने पेटीवर एक आडवी पट्टी बसवली जाई. शिपायाने एकेक काडतूस हाताने भरायचे आणि पेटीतली शिल्लक संकटासाठी राखून ठेवायची. सुरुवातीच्या ली-मेटफर्ड रायफलीला तर ही पेटी साखळीने बांधलेली असे. काटकसरी गृहिणीने किल्ल्यांचा जुडगा कमरेला बांधावा, तशातला तो प्रकार.

पुढच्या दोन महायुद्धांनी ही काटकसर पार मोडीत काढली. पेटी बदलण्याचे दोन-तीन क्षणही किती महाग असतात, याचे एक उदाहरण आपल्याच मातीतले आहे. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नायक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतले सारे जण मारले किंवा जायबंदी केले. एकटे घाडगे त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, मग एकाला गोळी घातली. पेटी बदलायला वेळ उरला नव्हता. त्यांनी आपली बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने लोळवले. लगेच दुसरीकडून आलेल्या गोळीने त्यांचा अंत झाला. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्याच्या सन्मानपत्रात पेटी बदलायला सवड नसल्याचा उल्लेख आहे. घाडग्यांची पेटी बिघडली नव्हती, रिकामी झाली होती. पण बिघडलेल्या पेटीची आणि रिकाम्या पेटीची किंमत त्या क्षणी सारखीच असते.

आता पोलादाच्या भक्तांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इतिहासातल्या सर्वांत बदनाम पेट्या प्लास्टिकच्या नव्हत्या. त्या पत्र्याच्याच होत्या. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंचांच्या शोशा मशीनगनची अर्धचंद्राकृती पेटी पाहा. आत किती काडतुसे उरली ते दिसावे म्हणून तिची एक बाजू उघडीच ठेवली होती. कल्पना छान, पण लढाई होती खंदकांतल्या चिखलात. त्या झरोक्यातून काडतुसे दिसत, आणि चिखलही आत शिरे. शिवाय पत्रा पातळ. शोशा अडली की बहुतेक वेळा अपराधी तिची पेटीच असे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या स्टेनगनच्या पेटीत बत्तीस गोळ्या मावत. अनुभवी शिपाई मात्र दोन-चार कमीच भरत. तीस गोळ्यांच्या ब्रेनगनलाही बहुधा अठ्ठावीसच. भरल्या पानावरून उठताना दोन घास राखावेत, तशी ही शहाणी सवय.

पोलादाची खोड अशी, की ते मुकाट्याने बिघडते. पेटी दगडावर पडली तर ओठ केसभर वाकतात आणि वरून काही कळत नाही. कळते ते चाप ओढल्यावर. गंज ही दुसरी व्याधी आणि वजन ही तिसरी. ए.के. रायफलीची पहिली पोलादी पेटी रिकामी असतानाच सुमारे ४३० ग्रॅम भरे. रशियनांनी पत्र्याला कंगोरे पाडून ती सुमारे ३३० ग्रॅमवर आणली. पुढे काचतंतू घातलेल्या नारिंगी प्लास्टिकची पेटी आली, ती सुमारे २५० ग्रॅमची. पण रशियन धोरणी! ओठांच्या जागी त्यांनी पोलादच घातले. अंग प्लास्टिकचे, तोंड पोलादाचे. या वादावर इतकी समंजस तडजोड दुसरी कोणती नसेल.

प्लास्टिकचा, शास्त्रज्ञ ज्याला 'पॉलिमर' म्हणतात त्याचा, स्वभाव अगदी वेगळा. ते गंजत नाही. दाबले तर वाकून पुन्हा मूळ रूपावर येते. मात्र सतत भार राहिला तर हळूहळू सैलावते. पेटी महिनोन्‌महिने भरून ठेवली, तर स्प्रिंगच्या रेट्याने ओठ फाकण्याचा धोका असतो. काही जातींना तेल-रसायने मानवत नाहीत. आणि सर्वांत मोठा वैरी म्हणजे थंडी: तीत प्लास्टिक ठिसूळ होते.

हे आपण फार जवळून पाहिले आहे. भारताची 'इन्सास' रायफल पुण्याला पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत आकाराला आली आणि १९९० नंतरच्या दशकात फौजेच्या हाती पडली. तिच्या आधीच्या एस.एल.आर.ची पेटी पोलादी होती. इन्सासला मिळाली अर्धपारदर्शक प्लास्टिकची, वीस काडतुसांची. हलकी, आणि शिल्लक बाहेरून दिसणारी. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध पेटले. तोलोलिंग, टायगर हिल ही शिखरे साडेचार ते पाच हजार मीटर उंचीची, चढाया रात्रीच्या, थंडी हाडे गोठवणारी. तिथून इन्सासबद्दल ज्या तक्रारी आल्या, त्यांत थंडीने पेट्यांना तडे जातात ही एक ठळक तक्रार होती. शिखर तर आपल्या जवानांनी जिंकले. पण ज्याच्या हातातली पेटी त्या कड्यावर तडकली असेल, त्याच्या मनात त्या क्षणी काय आले असेल, या विचाराने आजही माझ्या अंगावर काटा येतो.

यावरून 'प्लास्टिक वाईट' असा निकाल देणे सोपे आहे, पण तो न्याय होणार नाही. अमेरिकेत २००७ साली धुळीत चार रायफलींची परीक्षा झाली. त्यांतली एम-४ ही साठ हजार गोळ्यांत ८८२ वेळा अडली आणि त्यांपैकी २३९ वेळा दोष पेटीचा होता. म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक अपयश त्या सर्वांत स्वस्त भागाच्या माथी! त्याच वर्षी तिथे मॅगपुल कंपनीची नवी प्लास्टिक पेटी बाजारात आली. तिच्या तोंडावर बसवायचे झाकण वरचे काडतूस दाबून धरते, त्यामुळे साठवणीत ओठांवरचा भार हलका होतो. प्लास्टिकची खोड ओळखून तिच्यावरच केलेला हा उपाय. अमेरिकेच्या मरीन दलाने २०१२ मध्ये अशा पेट्यांना मनाई केली होती, कारण एका नव्या रायफलीत तेव्हाच्या पेट्या बसत नव्हत्या. कंपनीने सुधारणा केली, दलाने पुन्हा कसोटी घेतली, आणि २०१६ च्या डिसेंबरात त्याच दलाने सुधारलेल्या पेटीला मान्यता दिली. आपल्याकडे अमेठीजवळ कोरवा येथे तयार होणाऱ्या ए.के. २०३ रायफलीची पेटीही प्लास्टिकचीच आहे.

माझ्या मते निकाल असा: पोलाद वाकते आणि लपवते, प्लास्टिक तडकते आणि सांगून टाकते. दोघांच्याही पोटात स्प्रिंग मात्र पोलादाचीच असते. भरवसा धातूत नाही आणि प्लास्टिकातही नाही. जिथे वस्तू वापरायची, त्याच थंडीत, धुळीत आणि चिखलात ती आधी पारखून घेण्यात तो आहे. आणि पेटी झिजली, वाकली की मोह न धरता ती फेकून देण्यात आहे. किल्ला एका रात्रीत जातो, पण त्याच्या तटाची चिरेबंदी आधीची कित्येक वर्षे तपासायची राहून गेलेली असते.

या दिवाळीतही कुठल्यातरी बर्फाळ चौकीवर एखादा तरुण हातमोजे काढून, बधिर बोटांनी एकेक पेटी तपासत बसला असेल. ओठ सरळ आहेत ना, तडा नाही ना, स्प्रिंग उसळते ना, एवढेच तो पाहतो. ती पेटी बनवणाऱ्याने आपल्या कारखान्यात, उबेला बसून, तेवढ्याच काळजीने तिच्याकडे पाहिलेले असावे, इतकेच त्याचे आपल्याकडे मागणे आहे.