धक्का, जहाज आणि मधली फळी

जहाज धक्क्याला लागले, की दोहोंच्या मध्ये फळ्यांची वाट टाकतात. माल उतरविणारा कामगार दिवसभर तिच्यावरून ये-जा करीत असतो. या वाटेवर कायदा बदलतो, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी न्यूयॉर्कच्या गोदीत सदर्न पॅसिफिक कंपनीच्या ‘एल ओरिएंटे’ जहाजातून लाकूड उतरविले जात होते. येन्सन नावाचा कामगार विजेवर चालणारी मालाची गाडी हाकीत होता. गाडी फळीवर अडकली. ती सोडविण्यासाठी त्याने वेगाने मागे घेतली. डोके लवविण्याचे राहून गेले आणि जहाजाच्या दाराच्या वरच्या कडेवर आदळून त्याची मान मोडली. राज्याच्या आयोगाने विधवेला आठवड्याला ५ डॉलर ८७ सेंट आणि दोन मुलांना प्रत्येकी १ डॉलर ९६ सेंट देवविले. कंपनी अपिलात गेली. अपघात पाण्यावर झाला, तेथे राज्याचा भरपाईचा कायदा चालत नाही, हा तिचा मुद्दा. २१ मे १९१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केला. समुद्राचा कायदा देशभर एकसारखा असावा, हा युक्तिवाद ऐकावयास नीटनेटका खरा. पण त्या घरातील आठवड्याचे पैसे त्याने बंद झाले.

अमेरिकेच्या संसदेने १९१७ मध्ये व पुन्हा १९२२ मध्ये ही उणीव भरून काढू पाहिली. दोन्ही कायदे न्यायालयाने मोडीत काढले. अखेर ४ मार्च १९२७ रोजी गोदी कामगारांसाठी केंद्राचाच कायदा झाला. मालकाचा दोष सिद्ध करण्याची गरज उरली नाही. पूर्ण अपंगत्व आल्यास वेतनाचे दोनतृतीयांश ठरले.

मालकांची अपिले मात्र थांबली नाहीत. अलाबामातील बेन्सन म्हणाले, जखमी मनुष्य त्या वेळी माझा नोकरच नव्हता. केंद्राच्या अधिकाऱ्याने भरपाई दिली होती. जिल्हा न्यायालयाने पुरावा नव्याने ऐकून ती रद्द केली. १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला, पण हा नवा पुरावाही उचित मानला. कायदा टिकला; तो कामगार मात्र हरला. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचा विरोध होता, आणि मला तोच पटतो: दोनदा साक्षीपुरावा करणे लंगड्या मनुष्याला कसे परवडावे?

फळीचा प्रश्न तसाच राहिला. १९६९ मध्ये धक्क्यावर उभे राहून जहाजाच्या यारीला माल अडकविताना जखमी झालेल्यांना न्यायालयाने १९२७ च्या कायद्याबाहेरच ठेवले. धक्का कायद्याच्या कक्षेत आला तो १९७२ साली.