गाडी ‘बिगिन’ का होत नाही?

इंग्रजीत सभा ‘बिगिन’ होते, ‘स्टार्ट’ही होते, गाडी मात्र फक्त ‘स्टार्ट’च होते. महापालिका बांधकामाला परवानगी देते ती ‘कमेन्समेन्ट’ची. पुलाचं ‘इनॉगरेशन’ होतं आणि गुप्त पंथात येणाऱ्याला ‘इनिशिएट’ करतात. शब्दकोशात या सगळ्यांपुढे थोड्याफार फरकाने एकच अर्थ दिलेला असतो: सुरू करणे. मग एकाच्या जागी दुसरा का चालत नाही? याचं उत्तर अर्थापेक्षा या शब्दांच्या पूर्वायुष्यात आहे. प्रत्येक जण इंग्रजीत वेगळ्या काळी, वेगळ्या वाटेने आला आणि जिथे पहिली चाकरी केली तिथल्या सवयी त्याने सोडल्या नाहीत.

‘बिगिन’ घरचा. जुन्या इंग्रजीत तो ‘बिगिनन’ या रूपात होता, पण तेव्हा त्याच्यापेक्षा त्याच्या भावंडाची, ‘ऑनगिनन’ची चलती होती. पुढे ते भावंड नामशेष झालं आणि ‘बिगिन’ उरला. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद आजही नांदतो आहे. अंगणातला शब्द असल्याने तो कुठेच परका वाटत नाही. लहान मुलांच्या गोष्टीत तो असतो आणि १६११ च्या किंग जेम्स बायबलचं पहिलं वाक्यही त्याच्याच नामरूपाने उघडतं.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. दरबार आणि न्यायालयं फ्रेंच बोलू लागली, आणि त्या फ्रेंचमधून १३०० च्या आसपास ‘कमेन्स’ इंग्रजीत उतरला. तोवर विद्येची आणि दप्तराची भाषा लॅटिन होतीच. या तीन थरांचं सगळ्यात गमतीदार चित्र १३६२ च्या एका कायद्यात दिसतं. लोकांना न्यायालयातली फ्रेंच कळत नाही, म्हणून यापुढे दावे इंग्रजीत चालवावेत, असा तो कायदा. मात्र नोंदी लॅटिनमध्ये ठेवाव्यात, असंही त्यात होतं, आणि खुद्द कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! बोलायला एक भाषा, हुकमाला दुसरी, दप्तराला तिसरी. एकाच क्रियेसाठी इंग्रजीत तीन-तीन शब्द का साठले, त्याचं मूळ इथे आहे.

‘कमेन्स’ची ती दरबारी चाल अजून गेलेली नाही. भारतीय कायद्यांचं पहिलं कलम उघडून पाहा: संक्षिप्त नाव, व्याप्ती व प्रारंभ. त्यातला ‘प्रारंभ’ म्हणजे इंग्रजी मसुद्यातलं ‘कमेन्समेन्ट’. हा नुसता डौल नाही. भारतीय न्याय संहितेला राष्ट्रपतींची संमती मिळाली २५ डिसेंबर २०२३ रोजी, पण तिचं ‘कमेन्समेन्ट’ झालं १ जुलै २०२४ रोजी. मधल्या सहा महिन्यांत कायदा मंजूर होता, पण लागू नव्हता. मुंबई-पुण्यात घर घेणाऱ्याला तर हा शब्द ‘कमेन्समेन्ट सर्टिफिकेट’च्या आद्याक्षरांनीच पाठ असतो. ‘सीसी आली का?’ हा त्याचा पहिला प्रश्न आणि ‘प्लिंथपर्यंतची आली आहे’ हे बिल्डरचं ठरलेलं उत्तर. पाया खणायची नुसती तयारी असून भागत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याखालचा हा कागद हातात असावा लागतो.

याच शब्दाचं विद्यापीठातलं रूप आपल्याकडच्या आजी-आजोबांना बुचकळ्यात टाकतं. अमेरिकेत नातवाचं शिक्षण संपतं आणि आमंत्रणावर छापलेलं असतं ‘कमेन्समेन्ट’! शिक्षण संपलं तर हा आरंभ कसला? मध्ययुगीन विद्यापीठात पदवी मिळणं म्हणजे गुरुजनांच्या पंक्तीत बसून शिकवायला लागणं. तो दिवस विद्यार्थीपणाचा शेवटचा आणि आचार्यपणाचा पहिला. केंब्रिजमधून ही प्रथा अटलांटिकपार गेली आणि हार्वर्डचा असा पहिला समारंभ १६४२ साली झाला.

लॅटिनमधून थेट आलेल्या मंडळींना देवळाचा वास आहे. ‘इनिशिएट’ मूळचा दीक्षेचा शब्द. आजही ‘इनिशिएट’ करणारा पहिलं पाऊल टाकून देतो, पुढचं काम बहुधा इतरांनी करायचं असतं. कार्यालयीन पत्रांत कारवाई नेहमी ‘इनिशिएट’च का होते, हे त्यावरून कळावं. ‘इनॉगरेट’मध्ये रोमचे शकुन पाहणारे ‘ऑगर’ दडले आहेत. नेमणूक असो वा वास्तू, पक्षी कुठून कुठे उडाले ते पाहून हे लोक देवांचा कौल सांगत. आता पक्षी गेले आणि फीत आली, पण मान्यवर पाहुण्याशिवाय ‘इनॉगरेशन’ होत नाही ते नाहीच.

‘लाँच’ दरबारातलाही नाही आणि देवळातलाही नाही. तो भाला फेकण्यातून निघाला, मग जहाज पाण्यात लोटण्यासाठी वापरात आला. म्हणून यान, पुस्तक किंवा साबण ‘लाँच’ होतो तेव्हा वस्तू आधीच तयार असते. फक्त हातातून सुटायची बाकी असते. गेटवेहून घारापुरीला जाणारी ‘लाँच’ मात्र याची कोणी नव्हे. ती मलायी भाषेतून पोर्तुगीजांच्या बोटीत बसून आली. दोघींची गाठ पडली ती फक्त उच्चारात.

शब्दांतले हे बारकावे टिपण्याचा छंद इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात लागला. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या स्नेही हेस्टर पिओझी यांनी १७९४ साली ‘ब्रिटिश सिनॉनिमी’ हे दोन खंडांचं पुस्तक काढलं. त्यांचे दुसरे पती इटालियन संगीतकार होते. परक्या माणसाला शब्दाचा अर्थ कळतो, पण तो बैठकीत कुठे वापरायचा ते कळत नाही, ही अडचण त्यांच्या घरातलीच होती. पीटर रोजे यांनी १८५२ साली उलट वाट धरली. त्यांच्या ‘थिसॉरस’ने शब्द वेगळे न करता कल्पनेनुसार एकत्र गोळा केले. प्रस्तावनेत त्यांनी आपल्या अमरकोशाचाही उल्लेख केला आहे. त्याचं कोलब्रुक यांनी केलेलं, १८०८ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलेलं इंग्रजी भाषांतर त्यांना माहीत होतं. त्यातलं वर्गीकरण मात्र त्यांना अपुरं आणि गोंधळाचं वाटलं. दोष काहीही असोत, दोन्ही ग्रंथांचा स्वभाव एकच: शेजारी कोण ते सांगायचं, कोणाची वागणूक कशी ते नाही. म्हणूनच थिसॉरस उघडून लिहिणारा एखादा उमेदवार नाश्तासुद्धा ‘कमेन्स’ करतो. हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात यावर नेमकं बोट ठेवलं. नाटकाच्या जाहिरातीत प्रयोग ‘कमेन्स’ होतो, पण आपण एकमेकांना विचारतो ते तो ‘बिगिन’ कधी होणार, अशा आशयाचं त्यांचं निरीक्षण आहे.

राहिला ‘स्टार्ट’. शब्द जुना, पण ‘सुरू करणे’ या कामावर सगळ्यांत उशिरा रुजू झालेला. त्याचा मूळ अर्थ उसळणे, उडी मारणे. ‘स्टार्टल’ त्याच कुळातला. ‘हॅम्लेट’मध्ये कोंबडा आरवताच राजाचं भूत ‘स्टार्ट’ होतं, म्हणजे दचकतं. शेक्सपियरच्याच ‘चौथा हेन्री’ नाटकात ससा ‘स्टार्ट’ करण्याची भाषा येते: झुडपात दबलेलं जनावर उठवायचं. जनावरानंतर शर्यतीतला घोडा रेषेवरून उसळला, मग प्रवासी निघाला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे हळूहळू कोणतीही गोष्ट ‘स्टार्ट’ होऊ लागली.

पुढे यंत्रं आली आणि त्यांना हाच शब्द हवा होता. पूर्वी मोटारीला हँडल मारावं लागे. ते उलटं फिरलं तर मनगट जायचं. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना बसला आणि हँडलची दहशत सरली. आपल्याकडे हा शब्द विहिरीपर्यंत पोचला आहे. रात्री लाइट आली की शेतकरी बॅटरी घेऊन निघतो आणि पेटीवरचं हिरवं बटण दाबतो. ती पेटी म्हणजे ‘स्टार्टर’. थांबलेली मोटार पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. म्हणूनच मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. तो वाइंडिंगला आधी कमी दाब देतो आणि वेग आला की पूर्ण. शिकारीच्या रानातली उसळी इथे अँपिअरमध्ये मोजता येते.

हॉटेलातल्या ‘स्टार्टर्स’पासून ‘स्टार्टअप’पर्यंत आता त्याचंच राज्य आहे. पण कायदा त्याच्या हाती कोणी दिलेला नाही आणि दीक्षाही नाही. ‘बिगिन’ला मात्र बटण लागत नाही, तो आपल्या गतीने उलगडत जाणाऱ्या गोष्टींचा शब्द आहे. गाडी एक तर बंद असते नाही तर चालू, मधली अवस्था तिला नसते. म्हणून ती ‘बिगिन’ होत नाही.