वऱ्हाडातील कविता : नवता आणि श्रोतृसमूह

मराठी काव्यसमीक्षेने नवतेचा विचार बहुधा कवीच्या व्यक्तिविशिष्ट संवेदनशीलतेच्या अंगाने केला. समूहाशी नवतेचे नाते तिने विरोधाचेच मानले. अमरावती-अकोला परिसरातील विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काव्यव्यवहार या गृहीताला छेद देतो. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ साली अमरावतीसच झाली. तथापि येथे विचारात घेतलेली नवता आकाराला आली ती मुख्यतः मैफल आणि कविसंमेलन यांच्या आधाराने.

अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भट (१९३२–२००३) यांची गझल याचे ठळक उदाहरण होय. माधव जूलियन यांच्या 'गज्जलांजली'ने (१९३३) मराठीत गझलेच्या वृत्तांचा परिचय दृढ केला. परंतु त्यातील रचना पुष्कळदा एकाच भावाचा विस्तार करणाऱ्या भावकविताच राहिल्या. भटांनी प्रत्येक शेराच्या स्वयंपूर्णतेचा आणि काफिया, रदीफ, अलामत यांच्या काटेकोर पालनाचा आग्रह धरला. शेराची पहिली ओळ अपेक्षा निर्माण करते, दुसरीतील काफिया ती अनपेक्षितपणे पुरी करतो. म्हणजे श्रोत्याची प्रतीक्षा हा या आकृतिबंधाचाच एक घटक असतो. निजामी अमलाचा दीर्घ वारसा असलेल्या वऱ्हाडाला उर्दू मुशायरा परका नव्हता, हेही ध्यानात घ्यावयास हवे. 'गझलेची बाराखडी' लिहून आणि नवोदितांना पत्रांतून मार्गदर्शन करून भटांनी उस्ताद-शागीर्द परंपरेचे मराठी रूप सिद्ध केले. नियम येथे केवळ बंधन राहिला नाही. तो समूहात प्रवेश देणारी समान भाषा ठरला. अकोल्याचे श्रीकृष्ण राऊत यांच्या लेखनाने आणि भीमराव पांचाळे यांच्या गायनाने ही परंपरा पुढे नेली.

विठ्ठल वाघ यांच्या कवितेत नवतेचे स्थान वृत्तापेक्षा बोलीत आहे. 'काया मातीत मातीत' या संग्रहाच्या नावातच प्रमाण मराठीतील 'काळ्या'चे वऱ्हाडी 'काया' होते. एरवी पात्राच्या तोंडी किंवा विनोदापुरती येणारी बोली येथे कृषिजीवनाच्या अनुभवाची मूळ भाषा बनते. 'अरे संसार संसार' (१९८१) या चित्रपटातून ही कविता वऱ्हाडाबाहेरही पोचली.

मात्र श्रोतृसमूह नवतेला जन्म देतो, तसाच तिला थोपवूही शकतो. दाद तत्काळ मिळते, म्हणून तत्काळ कळणाऱ्याचा मोह वाढतो. भटांनंतरच्या अनेक गझलांत तंत्रशुद्धता हे साधन न राहता साध्य झाले. बोलीकवितेतही शब्दांचे नावीन्य ओसरल्यावर अनेकदा स्मरणरंजनच उरले. विदर्भातूनच आलेल्या वसंत आबाजी डहाके यांच्या 'योगभ्रष्ट'ने (१९७२) एकांतातील वाचक गृहीत धरला, हा भेद या दृष्टीने बोलका आहे.

म्हणून 'मंचीय' हे विशेषण मूल्यनिर्णय ठरू शकत नाही. श्रोत्याच्या अपेक्षेला कविता कुठे धक्का देते आणि कुठे केवळ तिची पूर्ती करते, हे ओळीओळीतून तपासणे हेच वऱ्हाडी काव्येतिहासापुढील खरे कार्य होय.