खरी साठवण



परवा उपासनेनंतर एका तरुणाने मला गाठले. म्हणाला, "सर, शाश्वत गोष्टींकडे लक्ष लावा असं सगळे सांगतात. मग घराचे हप्ते भरायचे की नाही?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो, पण उत्तर काही देता आले नाही. घरी परत येताना आमच्या साताऱ्यात राहून गेलेला एक माणूस आठवला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत मराठी शिकवताना मी त्यांची ओळख 'फुलामुलांचे कवी' अशीच करून देत असे. जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची बरीच वर्षे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेली. १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला मानणारे सगळेच तिथे बंधू. ख्रिस्ती माणसाने संन्यासी व्हावे हे ऐकायला जरा वेगळे वाटते. पण तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे मानणाऱ्या टिळकांना त्यात वावगे वाटले नाही. पुढे दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले.

डोंगरावरच्या प्रवचनात येशूने कसर, गंज आणि चोर यांचा उल्लेख केला आहे. त्यांचा हात पोचणार नाही अशी साठवण टिळकांनी केली, असे मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगत असे.

निवृत्तीनंतर लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचली आणि माझा उत्साह जरा खाली बसला. टिळक हातातले देऊन मोकळे व्हायचे, पण चूल पेटवायची कोणी? ते लक्ष्मीबाईंनी निभावले, आणि पुढे हसत हसत लिहूनही ठेवले. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते, तेही त्यांनीच पुढे नेऊन पुरे केले.

वाचता वाचता मला माझेच दिवस दिसू लागले. पगाराच्या दिवशी एखाद्या मुलाची फी भरून मी छाती फुगवून घरी यायचो. महिनाअखेरीला शेजारून पीठ उसने आणायची वेळ सौ.वर यायची. ती एका शब्दानेही बोलली नाही. मला वाटे, मी त्याग केला!

सौ.चे माहेर मिरजेचे. तिच्यासमोर टिळकांचे नाव निघाले की ती डॉक्टर वॉनलेस यांचे नाव काढते. कॅनडातला हा मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आला. मिरज तेव्हा संस्थान होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथे १८९४ मध्ये त्यांनी रुग्णालय उभे केले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाचीही सोय केली. दगड, चुना, खाटा, शस्त्रक्रियेची हत्यारे, सगळ्या नाशवंत वस्तू! त्यांनी त्या आयुष्यभर जमवल्या, पण दुसऱ्याच्या दुखण्यासाठी. जगाच्या दृष्टीने एकाने सोडले आणि दुसऱ्याने जमवले. तरी दोघांची नजर एकाच ठिकाणी होती, असे आता मला वाटते.

त्या तरुणाला मी निरोप पाठवला आहे: "हप्ते जरूर भर. त्या छताखाली आणखी कोणाला जागा आहे का, तेवढे पाहा. काही सोडायचे झाले तर स्वतःच्या ताटातले सोड, बायकोच्या नको."

हा लेख आधी सौ.ला वाचून दाखवला. ऐकून म्हणाली, "पिठाचं अजून लक्षात आहे होय तुमच्या?"

असो.