देव, पुजारी आणि गांव

आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागांत, नायजर नदीच्या खालच्या अंगास, इग्बो नांवाचे लोक फार प्राचीन काळापासून वस्ती करून आहेत. त्यांचीं बहुतेक गांवें नदीच्या पूर्वेकडील झाडीच्या मुलखांत वसलेलीं आहेत. इंग्रज अंमलदार प्रथम या मुलखांत शिरले तेव्हां त्यांनीं गांवोगांवीं एकच प्रश्न विचारला : तुमचा राजा कोण? ओनित्शासारख्या कांहीं मोजक्या ठिकाणीं राजपद होतें. परंतु बाकीच्या मुलखांत या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं. लोक कांहीं लपवीत होते असें नव्हे, उत्तरच नव्हतें. इग्बोंना राजा नसतो, अशी त्यांच्या भाषेंत म्हणच आहे.

राजा नाहीं, तर मग कायदा कोण सांगतो? तंटा कोण तोडतो? कापणीचा दिवस कोण ठरवितो? चिनुआ अचेबे यांच्या १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ॲरो ऑफ गॉड’, म्हणजे ‘देवाचा बाण’, या कादंबरींत या प्रश्नांचा जितका खोल विचार आढळतो, तितका तत्कालीन सरकारी दप्तरांत क्वचितच आढळेल.

अचेबे यांचा जन्म १९३० सालीं ओगिदी या गांवीं झाला. त्यांचे वडील चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक होते. या संस्थेनें १८५७ सालींच ओनित्शा येथें आपलें ठाणें स्थापिलें होतें. घर ख्रिस्ती, आणि शेजारीं जुने देव, जुने सण, मुखवटे घालून येणारे पूर्वजांचे आत्मे, अशा दोन जगांच्या उंबरठ्यावर हा मुलगा वाढला. १९५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या पहिल्याच कादंबरीनें त्यांचें नांव सर्वत्र झालें. तिचा नायक योद्धा आहे. ‘देवाचा बाण’ या कादंबरीचा नायक पुजारी आहे, आणि म्हणूनच पुढारीपण व धर्म यांची गांठ तींत अधिक स्पष्ट दिसते.

इग्बो गांवाची व्यवस्था थोडक्यांत अशी असे. प्रत्येक कुळांतील वडीलधाऱ्याच्या हातीं ‘ओफो’ नांवाचा पवित्र दंड असे. तो सत्याचें व पूर्वजांच्या अधिकाराचें चिन्ह मानला जाई. ज्यानें कष्टानें संपत्ति मिळविली आणि ती गांवजेवणांत व विधींत खर्च केली, त्याला ‘ओझो’सारखी पदवी घेतां येई. समवयस्कांचे गट रस्ते साफ करीत, बाजार राखीत. आठवडा चार दिवसांचा. एके, ओरिये, आफो व न्क्वो हे त्याचे वार, आणि त्याच वारांनीं बाजार भरत. महत्त्वाचा प्रश्न आला म्हणजे पुरुष एकत्र जमत आणि सर्वांचें बोलणें संपेपर्यंत बोलत. ज्याच्या वाणींत वजन, त्याच्याकडे सभा झुके. परंतु सभेला हुकूम सोडण्याचा अधिकार कोणालाहि नसे.

कादंबरींतील उमुआरो हें अशाच सहा गांवांचें मंडळ आहे. पूर्वी हीं गांवें निरनिराळीं होतीं, प्रत्येकाचा देव निराळा होता. अबाम येथील लढवय्ये रात्रीबेरात्रीं येत, घरें जाळीत आणि माणसें धरून गुलाम म्हणून नेत. तेव्हां सहाहि गांवांनीं एक होऊन जाणते मांत्रिक आणविले आणि एका नव्या सामायिक देवाची स्थापना करविली. त्या देवाचें नांव उलु. त्याचा पुजारी तो एझेउलु. हा मान सहांपैकीं सर्वांत दुबळ्या गांवाला देण्यांत आला. कारण बलाढ्य गांवाच्या हातीं देव दिला, तर उद्यां तेंच गांव बाकीच्यांवर राज्य करूं लागेल, ही भीति उघड होती.

ही गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. येथें देवानें माणसांना एकत्र आणलें नाहीं. माणसें एकत्र आलीं आणि त्यांनीं देव बसविला. याच कादंबरींत शेजारच्या अनिंता गांवाची हकीकत येते. तेथील देव निरुपयोगी ठरला, तेव्हां लोकांनीं त्याला शिवेवर नेऊन जाळून टाकलें. देवाची भक्ति खरी, भीतीहि खरी. पण देव व गांव यांच्यामध्यें एक न लिहिलेला करार होता. देवानें गांवाला राखावें, गांवानें देवाला मानावें.

एझेउलुचें मुख्य काम काळ मोजण्याचें. दरवर्षीं पवित्र यॅम, म्हणजे आपल्याकडील कोनफळाच्या जातीचे कंद, त्याच्या स्वाधीन होत. नवी चंद्रकोर दिसली कीं त्यानें घंटा वाजवून लोकांना सांगावें आणि एक कंद भाजून खावा. एकच कंद शिल्लक राहिला म्हणजे नव्या कंदांच्या सणाचा दिवस जाहीर करावा. तो दिवस जाहीर झाल्यावांचून उमुआरोंत कोणीहि नवें पीक काढावयाचें नाहीं. सणाच्या दिवशीं प्रत्येक कर्ता पुरुष देवळाशीं एक कंद आणी, आणि त्या कंदांवरून कोणत्या गांवांत किती माणसें वाढलीं हें कळे. पंचांग, कापणीचा कायदा आणि शिरगणति हीं तिन्ही कामें अशा रीतीनें एका विधींत गुंफलेलीं होतीं.

कादंबरीच्या आरंभींच म्हातारा एझेउलु चंद्राची वाट पाहात बसला आहे आणि त्याच्या मनांत एक शंका डोकावते. हा दिवस मी ठरवितों, कीं नुसता ओरडून सांगतों? मी सांगावयाचें नाकारलें तर? पुढील सर्व अनर्थाचें बीज या एका विचारांत आहे.

वास्तविक हा मनुष्य खोटा नाहीं. शेजारच्या ओक्पेरी गांवाशीं जमिनीचा तंटा निघाला, तेव्हां सारें उमुआरो लढाईस उभें राहिलें असतां, ती जमीन ओक्पेरीचीच आहे हें बापाकडून ऐकलेलें सत्य त्यानें भरसभेंत सांगितलें. श्रीमंत व वक्तृत्वसंपन्न न्वाकानें सभा फिरविली आणि लढाई झाली. ती विंटरबॉटम या गोऱ्या अंमलदारानें थांबविली, दोन्ही गांवांच्या बंदुका मोडविल्या आणि निवाडा ओक्पेरीच्या बाजूनें दिला. साक्षींत खरें बोलला तो एकटा एझेउलु. गोऱ्याच्या नजरेंत तो सत्यवादी ठरला. गांवाच्या नजरेंत घरभेदी. पुढें त्यानें आपला मुलगा ओदुचे यास मिशनऱ्यांकडे शिकावयास पाठविलें. नव्या सत्तेचें मर्म कळावें एवढाच त्याचा हेतु होता. पण मुलानें धर्माच्या नव्या आवेशांत इदेमिली या दैवताचा पवित्र अजगर पेटींत कोंडला आणि बापाच्या शत्रूंना आयतेंच निमित्त मिळालें.

आतां थोडा इतिहास पाहणें अवश्य आहे. १९१४ सालीं उत्तर व दक्षिण नायजेरिया एक करण्यांत आले आणि लॉर्ड लुगार्ड त्यांचे गव्हर्नर-जनरल झाले. लुगार्ड यांचा जन्म १८५८ सालीं मद्रास येथला. स्थानिक राजाला गादीवर ठेवून त्याच्यामार्फत राज्य करावें, ही त्यांची प्रसिद्ध नीति. हिंदुस्थानांतील संस्थानें आणि तेथील रेसिडेंट यांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ही पद्धति निराळी समजावून सांगावयास नको. उत्तर नायजेरियांत अमीर होते, त्यांचे दरबार होते, कर होते. तेथें ती चालली. इग्बो मुलखांत राजाच नव्हता, म्हणून सरकारनें सनदा देऊन राजे निर्माण केले. यांना ‘वॉरंट चीफ’, म्हणजे सनदी प्रमुख, म्हणत. ही पद्धति इग्बो मुलखांत १९१४ पूर्वीच सुरू झाली होती. लुगार्ड यांच्या नीतीनें तिला अधिक बळ आलें. ज्याला गांव ओळखत नव्हतें, त्याच्या हातीं न्यायकचेरी आली. इतिहासकार अफिग्बो यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या सनदी प्रमुखांचा सविस्तर इतिहास दिला आहे. कादंबरींतहि ओक्पेरीचा इकेदी हा असाच एक सनदी प्रमुख आहे. सनद मिळतांच तो लोकांना लुबाडूं लागतो, आणि अखेर राजा ही पदवीहि स्वतःला लावून घेतो.

विंटरबॉटमला स्वतःला हे बनावट राजे नापसंत आहेत. तरीहि वरिष्ठांचा हुकूम आला, तेव्हां त्याला साक्षींत खरें बोललेला तो पुजारी आठवला, आणि त्यानें एझेउलुस ओक्पेरीस बोलावणें धाडलें. पुजाऱ्यानें प्रथम येण्यास नकार दिला. शेवटीं तो गेला, तेव्हां त्याला अडकवून ठेवण्यांत आलें. प्रमुखपद पुढें केलें असतां, आपण उलुखेरीज कोणाचेहि सेवक होणार नाहीं, असें त्यानें बाणेदारपणें सांगितलें. बत्तीस दिवसांनीं तो सुटला. पण या मुदतींत दोन चंद्र उगवले होते, आणि त्यांचे दोन कंद उमुआरोंत तसेच पडून होते.

येथून खरी कसोटी सुरू होते. कापणीचे दिवस आले. एझेउलुकडे एक कंद शिल्लक असावयास पाहिजे, तेथें तीन आहेत. म्हणून सण जाहीर होत नाहीं. शेतांत कंद तयार आहेत, घरांत पोरें उपाशी आहेत. गांवचे पदवीधारी वृद्ध त्याच्याकडे जातात आणि म्हणतात : उरलेले कंद आजच खा. यांत कांहीं पाप असेल तर तें आमच्या माथीं. देवाला विचारून एझेउलु नकार देतो. या नकारांत किती भाग धर्मनिष्ठेचा आणि किती भाग दुखावलेल्या मनाच्या सुडाचा, याचा निवाडा ग्रंथकार करीत नाहीं. बंदिवासांत असतांना, गांव आपल्यामागें उभें राहिलें नाहीं, हा सल त्याच्या मनांत होता, एवढें मात्र तो स्पष्ट दाखवितो.

अशा वेळीं गांवांतील ख्रिस्ती उपदेशक गुडकंट्री लोकांना सांगतो : तुमचा कंद आमच्या देवाच्या वेदीवर आणा, मग खुशाल कापणी करा, उलु तुम्हांला कांहीं करणार नाहीं. उपदेशांनीं जें साधलें नव्हतें, तें भुकेनें साधलें. इकडे एझेउलुचा लाडका मुलगा ओबिका एका अंत्यविधीच्या रात्रीं मुखवट्याचें सोंग घेऊन धांवतां धांवतां कोसळून मरतो, आणि म्हाताऱ्याचें मन कायमचें भ्रमिष्ट होतें. लोकांनीं याचा अर्थ आपल्या परीनें लावला : देवानें हट्टी पुजाऱ्याविरुद्ध आपल्या माणसांचा पक्ष घेतला. पण त्या वर्षीं अनेक शेतांतला कंद उलुच्या नांवानें निघाला नाहीं, ख्रिस्ताच्या नांवानें निघाला. पुजारी हरला आणि त्याच्याबरोबर त्याचा देवहि हरला.

या साऱ्याला धर्मभोळेपणा म्हणून बाजूस सारणें सोपें आहे. इग्बो समाजांत क्रूर रूढि होत्या, हें नाकारण्याचें कारण नाहीं. जुळीं मुलें रानांत टाकून दिलीं जात. ‘ओसु’ म्हणजे देवाला वाहिलेल्या माणसांच्या वंशाला अस्पृश्य मानीत. अचेबे यांनीं आपल्या पहिल्या कादंबरींत यांवर पांघरूण घातलेलें नाहीं. नव्या धर्माकडे प्रथम वळले ते याच रूढींनीं पोळलेले लोक, हेंहि त्यांनीं दाखविलें आहे. परंतु चंद्र मोजण्याचा विधि निराळा. अपक्व पीक कोणी उपटूं नये आणि सर्वांनीं एकदम कापणीस लागावें, ही व्यवहाराची गरज त्याच्या पोटांत होती. जोंपर्यंत विधि गांवाच्या पोषणासाठीं होता, तोंपर्यंत तो धर्म होता. गांव उपाशी मरत असतांहि केवळ आंकडा पुरा व्हावा म्हणून तो पाळला गेला, त्या दिवशीं त्याची अंधश्रद्धा झाली. विधि तोच; मध्यंतरीं हरवला तो त्याचा हेतु.

पुढारीपणाचेंहि तसेंच आहे. एझेउलुनें गोऱ्याची सनद नाकारली, हें त्याचें मोठेपण. परंतु गांवाच्या वृद्धांनीं दिलेली मोकळीकहि त्यानें नाकारली, आणि ज्या संमतींतून त्याचा अधिकार जन्मला होता, तिच्याशींच तो अडून बसला. सरकारनें वरून लादलेला प्रमुख आणि आपल्याच लोकांपासून तुटलेला पुजारी, या दोघांच्या पायांखालची जमीन सारखीच पोकळ होती.

कादंबरींतील काळ १९२१ च्या सुमाराचा आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, नोव्हेंबर १९२९ मध्यें, इग्बो मुलखांतील ओलोको या गांवीं ठिणगी पडली. आदल्याच वर्षीं पुरुषांवर कर बसला होता. आतां सनदी प्रमुखाचा माणूस घरोघर फिरून बायका, पोरें व गुरें मोजूं लागला. बायकांनाहि कर बसणार, या संशयानें हजारों स्त्रिया उठल्या. त्यांनीं सनदी प्रमुखांच्या घरांना वेढे घातले, गाणीं म्हणत त्यांच्या टोप्या मागितल्या आणि कित्येक न्यायकचेऱ्या जाळल्या. सरकारनें गोळ्या झाडल्या. पन्नासाहून अधिक स्त्रिया प्राणास मुकल्या. त्यानंतर चौकशी झाली, इग्बो गांवांची खरी घडण काय आहे हें पाहण्यास अधिकारी नेमले गेले आणि १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत ती सनदी पद्धति मोडण्यांत आली. जें पहिल्या दिवशीं विचारावयाचें, तें तीस वर्षांनीं आणि इतक्या स्त्रियांच्या रक्ताची किंमत देऊन विचारण्यांत आलें.

उमुआरोच्या पूर्वजांना मात्र तें पहिल्यापासून ठाऊक होतें. देव बसवितांना त्यांनीं तो सर्वांत दुबळ्या गांवाच्या ओंजळींत ठेवला होता.