सिंदखेडची समाधि आणि नाईलकांठचें मंदिर

आमच्या जाफराबादेस पूर्णेच्या कांठीं उभा राहिलों म्हणजे मला इजिप्तमधील नाईल नदीची आठवण होते. शाळामास्तराची ही जुनी खोड आहे! त्या नदीच्या पश्चिम तीरावर, देर अल्-बहरी येथें, हातशेप्सुत राणीनें ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकांत आपलें स्मारकमंदिर बांधविलें. उंच कड्याला पाठ लावून एकावर एक तीन विस्तीर्ण चौथरे आहेत. राणीचें थडगें मात्र तेथें नाहीं. तें कड्यापलीकडील राजांच्या दरींत आहे. मृताच्या नांवानें नैवेद्य अखंड चालावा, याकरितांही हें मंदिर होतें.

देह एकीकडे आणि पूजा दुसरीकडे, हें ऐकून वर्गांतील मुलें हंसत. मग मी त्यांस आपल्या शेजारचें सिंदखेडराजा दाखवीत असें. जालन्याहून मेहकरकडे जातांना तें वाटेवरच लागतें. लखुजी जाधवराव पडले ते देवगिरीवर. त्यांची भव्य समाधि मात्र येथें, त्यांच्या गांवीं आहे. सन १६२९ च्या जुलैंत ते निजामशहाच्या भेटीस गेले असतां दगा झाला. अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू, हेही त्यांच्याबरोबर मारले गेले. जिजाबाई तेव्हां गरोदर होत्या. बाप, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशीं गेले; आणि पुढें सात महिन्यांच्या आंत, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. बखरकार लढायांचीं वर्णनें करतात. त्या लेकीच्या सुतकाला ते किती ओळी देतात, तें आपण पाहावें.

हातशेप्सुतच्या पश्चात् तिसऱ्या थुत्मोसनें तिचीं चित्रें व नांवें छिन्नीनें खरवडविलीं, मूर्ति फोडून खड्ड्यांत लोटल्या. त्यांचे तुकडे विसाव्या शतकांत उत्खननांत सांपडले व पुन्हां जुळविले गेले.

सिंदखेडासही जमिनीनें असेंच कांहीं जपून ठेविलें होतें. सन २०२४ मध्यें पुरातत्त्व खात्याचें समाधीच्या डागडुजीचें काम चाललें असतां प्रथम एका मंदिराचा पाया दिसला. पुढें सुमारें सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची अखंड मूर्ति निघाली. लांबी पावणेदोन मीटरांच्या आसपास. लक्ष्मी पाय चुरीत आहे, आणि खालच्या पट्ट्यांत समुद्रमंथन कोरलें आहे. जाधवरावांची समाधि ज्या भूमीवर उभी राहिली, ती त्यांच्याही पूर्वीं देवाचीच होती.

दरवर्षीं १२ जानेवारीस जिजाबाईंच्या जन्मस्थानीं यात्रेकरूंची रीघ लागते. जन्माच्या वाड्याकडे सारे जातात. त्या दिवशीं चार पावलें समाधीकडेही वळवावीं, एवढीच माझी विनंति आहे.